बुकिंगच्या फॉर्ममधली ओढाताण

"मॅडम, तुम्हीच ऐका," असं म्हणून कैलासभाऊंनी कानातला इअरफोन काढून माझ्या हातात दिला. आतून एक बाई यांत्रिक आवाजात भराभर म्हणत होती, "शोधा. नवीन बुकिंग. शोधा. नवीन बुकिंग. शोधा." कैलासभाऊंनी फक्त एकदा एंटर दाबलं होतं.

सिन्नरजवळ भाजीपाल्याची रोपं तयार करणारी एक नर्सरी आहे. टोमॅटो, मिरची, ढोबळी, फ्लॉवर. शेतकरी फोन करून रोपं बुक करतात आणि चार जण ते फोन घेतात. कैलासभाऊ त्यातले सगळ्यात जुने. त्यांना जन्मापासून दिसत नाही. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. माऊसला ते हात लावत नाहीत, सगळं काम कीबोर्डवर.

बुकिंगचं वेब अ‍ॅप आमच्या कंपनीनं केलेलं. ऑफिस नाशिकला, गंगापूर रोडवर. मी फ्रंट-एंड सांभाळते, म्हणजे स्क्रीनवर जे दिसतं ते माझ्याकडे. नव्या रूपातला फॉर्म त्याच आठवड्यात सुरू झाला होता.

मॅनेजर गोसावी साहेब मागेच उभे होते. "बाकी तिघांचं व्यवस्थित चाललंय," ते म्हणाले. "सीझन तोंडावर आलाय. तुम्ही आता फॉर्म उचकटू नका. कैलासला मी फोन ट्रान्सफर करायला बसवतो."

"फोन जोडून द्यायला मशीन पण हाय की साहेब," कैलासभाऊ म्हणाले. "एक दाबा, दोन दाबा. मग माझं काय काम ऱ्हायलं?"

कैलासभाऊंना नोकरीवर घेणारे गोसावी साहेबच होते. पण लाईनवर शेतकरी ताटकळत होते, आणि त्याचं उत्तर मालकांना तेच देणार होते.

"मला दोन दिवस द्या," मी म्हणाले.

शेजारच्या टेबलावर सुनंदाताई बसायच्या. फॉर्म अडला की कैलासभाऊ त्यांना हाक मारायचे आणि त्या येऊन माऊसनं रोपाची जात निवडून द्यायच्या. "त्या काही बोलत नाय," कैलासभाऊ मला हळूच म्हणाले. "पण त्यांनाबी फोन असत्यात. दर वेळी 'ताई, जरा' म्हणायचं. माझाच आवाज मला नको झालाय."

घोटाळा काय होता ते सोपं करून सांगते. वेब अ‍ॅपमधली प्रत्येक वस्तू आम्ही हातानं घडवत नाही. खिडकीसारखा उघडणारा फॉर्म, यादी उघडणारा चौकोन, तारखेचं कॅलेंडर हे सगळं तयार मिळतं. अशा तयार कोडच्या संचाला लायब्ररी म्हणतात. आमचा फॉर्म उघडायचा एका लायब्ररीतून आणि जातींची यादी यायची दुसरीतून. फॉर्मवाल्या लायब्ररीचा नियम असा की कीबोर्डचा ताबा, ज्याला आम्ही फोकस म्हणतो, तो फॉर्मच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही. यादीवाली लायब्ररी मात्र आपली शोधायची जागा फॉर्मच्या बाहेर, पानाच्या शेवटी उघडायची. यादी फोकस बाहेर, 'शोधा'वर न्यायची, 'नवीन बुकिंग' नावाचा फॉर्म तो परत खेचायचा, यादी पुन्हा न्यायची. माऊस वापरणारे शोधायच्या भानगडीत न पडता यादीतल्या नावावर क्लिक करून मोकळे व्हायचे. त्यामुळे त्यांना काही जाणवलंच नव्हतं.

ऑफिसमधल्या निखिलला फोन लावला. हुशार मुलगा, पण घाईचा. "फॉर्मचा तो पहारा बंदच करून टाका ना," तो म्हणाला. "एका ओळीचं काम."

टेस्टच्या कॉपीवर करून पाहिलं. "शोधा"वर आवाज थांबला. कैलासभाऊंनी जात निवडली, टॅब दाबत पुढे गेले आणि मध्येच थबकले.

"मॅडम, मी आता कुठंय?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. ते फॉर्ममधून निसटून मागच्या पानावर गेले होते, आदल्या दिवशीच्या एका बुकिंगच्या 'रद्द करा' बटणावर. खऱ्या अ‍ॅपवर असं होऊन एंटर दाबलं गेलं असतं तर कुणाची तरी रोपं गेली असती. मी पहारा पुन्हा सुरू केला. पहारा बरोबरच होता, यादीची जागा चुकली होती.

यादी फॉर्मच्या आतच उघडायची एक सेटिंग असते. ती लावली. काही फरक नाही. स्पेलिंग तपासलं, ब्राउझरची साठवण साफ केली, पुन्हा लावली. तीच ओढाताण. दिवस असाच गेला. संध्याकाळी सिन्नरहून परत येताना बसमध्ये मी स्वतःवरच चिडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानावर नेमक्या कोणकोणत्या फायली येतात ते बघत बसले आणि उत्तर समोर आलं. यादीवाली तीच लायब्ररी दोनदा येत होती. एक आमची, नवी. दुसरी जुन्या व्हर्जनची, रिपोर्टच्या पानासाठी दुसऱ्या टीमनं आणलेली. दोघींचं नाव एकच, त्यामुळे नंतर येणारी आधीच्या जागेवर बसायची. नंतर येत होती ती जुनी. तिला माझी सेटिंग माहीतच नव्हती, म्हणून ती सेटिंग निमूट सोडून देत होती. कुठे एरर नाही, काही नाही.

जुनी काढली की फॉर्म सुधारणार होता, पण रिपोर्टमधले गावानुसार गाळायचे फिल्टर बंद पडणार होते. ते नव्या व्हर्जनवर आणायला वेळ हवा होता. मी गोसावी साहेबांसमोर दोन्ही बाजू ठेवल्या.

"मालक रोज संध्याकाळी तोच रिपोर्ट उघडतात," ते म्हणाले.

"कल्पना आहे. थोडे दिवस सगळ्या गावांची एकत्र यादी दिसेल."

त्यांनी कैलासभाऊंच्या टेबलाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "काढा ती जुनी. मालकांशी मी बोलतो."

जेवायच्या सुट्टीत बदल चढवला. पहिला फोन आला तेव्हा मी मुद्दाम लांब उभी राहिले. कैलासभाऊंची बोटं चालू लागली. जात, ट्रे, तारीख, गाव. एका जागी ती थांबली आणि मी एक पाऊल पुढे टाकलं. पण पलीकडचा शेतकरीच आठवत होता, मिरची तिखट घ्यायची की ढोबळी. "सांगा निवांत, मी हाय," कैलासभाऊ म्हणाले. बुकिंग सेव्ह झालं. त्यांनी सुनंदाताईंना हाक मारली. ताई सवयीनं उठायला लागल्या.

"बसा ताई. चहा सांगू का, येवढंच इचारतोय."

फिल्टर नंतर परत आले. मालकांना त्यांचा नवा रंग आवडला नाही. काही दिवसांनी कैलासभाऊंचा फोन आला. प्रिंटच्या पानावर एक बटण स्क्रीन रीडरमध्ये नुसतं 'बटण' म्हणून ऐकू येतं, कशाचं ते कळत नाही. तपासलं, तर ते अ‍ॅप सुरू झाल्यापासून तसंच होतं.

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"आधी इचारायला कोण आलं व्हतं?"

मी बटणाला नाव दिलं.

आता नवी लायब्ररी घेण्याआधी पानावर आधीपासून काय बसलंय ते आम्ही बघतो. आणि टेस्टिंगच्या दिवशी सगळ्यांचे माऊस काढून ठेवतो. निखिलनं कुरकुर केली. पहिल्या दिवशी त्याला स्वतःच बनवलेल्या फॉर्मचं सेव्ह बटण नुसत्या कीबोर्डनं सापडेना. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता त्यानं ते टॅबनं पोचता येईल अशा जागेवर आणलं.