पेंटरांचा हात आणि छतावरचे दिवे

बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एकट्या पेंटरांनी रंगवलेल्या. पट्टी न लावता ते सरळ रेघ ओढत. मग कंपवाताने गाठलं आणि उजवा हात आपल्याच मर्जीने थरथरू लागला. कप बशीवर वाजतो म्हणून त्यांनी चारचौघांत चहा पिणं सोडलं. घराबाहेर पडले की हात खिशात.

बायको नव्या ग्रंथालयात लोकांच्या पिशव्या सांभाळायला बसायची. पेंटर न्हाणीघरात पडले, तेव्हापासून त्यांना एकटं ठेवायला तिचं मन धजेना. ती त्यांना सोबतच नेऊ लागली.

ग्रंथालयाच्या उंच दालनात एका कलावंताने छतापासून बारीक तारांवर दिवे सोडले होते. प्रत्येक तारेला छोटी मोटर. खालून कोणी चाललं की वरचा कॅमेरा ते टिपायचा, आणि त्या माणसाच्या डोक्यावरचे दिवे खाली उतरून त्याच्या मागोमाग जायचे. खांबांच्या सावल्या भिंतींवरून सरकत राहायच्या.

पेंटर बाकावर टेकले. बसताना आधाराला हात बाहेर काढला, तो गुडघ्यावरच राहिला. वरचे दिवे खाली आले आणि त्या हाताबरोबर थरथरू लागले. खांबांच्या सावल्याही थरथरल्या. सगळं दालनच कापतंय असं वाटावं! येणारे-जाणारे थबकले. एका बाईने मोबाइल वर धरला.

"आजोबा, पुन्हा करा ना!"

"मी करत नाही गं बाई," पेंटर म्हणाले. "ते होतं."

लोक हसले. कुणी टाळ्याही वाजवल्या. पेंटरांनी हात खिशात कोंबला आणि मान खाली घातली.

घरी आल्यावर बायकोने ताट वाढलं, पण त्यांनी ते बाजूला सारलं.

"इतके दिवस हात लपवला," ते म्हणाले. "आज तू छताला टांगून दाखवलास."

"अहो, मला काय ठाऊक असं होईल!" तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी तिने दिव्यांच्या ऑपरेटरला गाठून हाता-पाया पडत गळ घातली. तो भला माणूस. "बारीक हालचाल धरायचीच नाही असं करून टाकतो, काकू. मोटरीही कमी झिजतील." पेंटरांना तिने यातलं काही सांगितलं नाही.

आता पेंटर तासन्‌तास बाकावर बसत आणि त्यांच्या डोक्यावरचे दिवे शांत असत. आधी त्यांना हायसं वाटलं. पण एका दुपारी दालन रिकामं असताना त्यांनी हळूच हात बाहेर काढला. थोडा वर धरला. खांद्यापर्यंत काही तो जाईना. दिवे होते तिथेच राहिले.

"आज बंद आहे का गं हे?" त्यांनी विचारलं.

"हो ना, बिघडलंय," बायको पिशव्या लावता लावता म्हणाली.

तेवढ्यात कॉलेजातली एक मुलगी घाईघाईने दालनातून गेली आणि सगळे दिवे झरझर उतरून तिच्या मागे धावले. दारापर्यंत तिला पोचवून पुन्हा वर गेले.

पेंटरांनी एकदा वर, एकदा आपल्या हाताकडे बघितलं आणि तो खिशात घातला. बायकोला तोंड वर करवेना.

सकाळी ती निघाली तेव्हा पेंटर कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"आवरताय ना?"

"मी घरीच राहतो," ते म्हणाले. "जाताना बाहेरून कडी लाव."

ती उंबऱ्यात थोडी घुटमळली. कामावर उशीर होत होता. तिने कडी लावली.