अवधाण नव्हतं ते

दुखणं वाढल्याचं बाबांनी लपवलं, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. आईला, बहिणीला, बायकोलासुद्धा. साफ खोटं.

अँजिओप्लास्टी होऊन ते सिल्व्हर पार्कच्या घरी आले. जांघेतून नळी घालून हृदयाची बंद रक्तवाहिनी मोकळी केलेली. पाचव्या दिवशी त्या टोचलेल्या जागी लिंबाएवढी गाठ आली. बाबा म्हणाले, "हृदय दुरुस्त करून चुकून खाली बसवलंय वाटतं. इथेच ठणकतंय."

आई हसली नाही. "अहो, अवधाण असेल. पायाला काही लागलंय का बघा."

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला आमच्या रत्नागिरीकडे अवधाण म्हणतात. जखम सुकली की ती आपली आपण बसते. आईला बाबांच्या टाचेला भेग सापडली. झालं! हळदीचा गरम लेप सुरू, बाबा आपल्याच हाताने लावायचे. आईवर मी चिडत नाही, तिला इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं. हॉस्पिटलच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं: जागा सुजली, लाल झाली, ताप आला तर ताबडतोब या. मी तो वाचून घडी घालून कपाटात ठेवला होता.

सातव्या दिवशी आई भाजीला गेल्यावर बाबांनी हाक मारली. "अरे, जरा बघ रे. कढत लागतंय." लुंगी त्यांनी सैल केलीसुद्धा होती. आणि मला, बेचाळीस वर्षांच्या घोड्याला, बापाच्या जांघेकडे बघायची लाज वाटली!

"अवधाणच आहे हो. मला ऑफिसला उशीर होतोय."

त्यांनी लुंगी आवळली.

दोन दिवसांनी तापाने फणफणले, तेव्हा कुठे रिक्षात घालून नेलं. डॉक्टरांनी लेप पुसला. खाली पू.

"कितने दिन से है ये? घर में किसी ने देखा नहीं?"

"इतना बढ़ गया है, ये आज ही बताया इन्होंने," मी म्हणालो.

बाबांना शुद्ध होती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "हां. मैंने ही छुपाया."

पू रक्तात भिनला होता. चार दिवसांत गेले.

तेराव्याला मामा जेवता जेवता म्हणाला, "भावजी हट्टीच. एवढं वाढलं तरी शेवटपर्यंत दाखवलं नाही कोणाला."

"हो ना," मी म्हणालो. कोणीतरी थुंकायला हवं होतं माझ्या तोंडावर. सगळे पाठीवरून हात फिरवत होते.