मामा निघाला की बसणारा सर्व्हर

ऑफिसात सगळे त्याला कुलूपमामा म्हणत. मामा तो खरा एकीचाच, वेबसाइटवर बातम्या चढवणाऱ्या त्याच्या भाचीचा. तिचं ऐकून तो सगळ्यांचाच मामा झाला. आणि कुलूप का, तर हा गृहस्थ दाराचं कुलूप ओढून बघायचा, जिना उतरायचा आणि परत वर येऊन ओढून बघायचा. दुधाने तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी ताक फुंकून पिणारा. बायको म्हणायची, "लग्न झालं खरं, पण माझी चौकशी अजून चालूच आहे."

त्यांच्या साप्ताहिकाचा छापील अंक बंद होऊन सगळा कारभार वेबसाइटवर जायचा होता. कागदाचे गठ्ठे असायचे त्या मागच्या खोलीत युनिक्सवर चालणारा कॉम्प्युटर आला. त्यावर साइट चालवणारा सर्व्हर बसवायचं काम मामाचं. त्याने ते चोख केलं. सर्व्हर आपोआप चालू ठेवणारी एक तयार स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, सोबत आली होती, ती तेवढी त्याने बाजूला सारली. कोणी लिहिली, कशी लिहिली, कोण जाणे. त्यापेक्षा रोज सकाळी लॉगिन करून आपल्या हाताने चालू केलेलं बरं.

दिवसभर साइट गुणी बाळासारखी चालायची. संध्याकाळी मामा घरी पोचेपर्यंत बंद.

"हे आपोआप होत नाही," तो म्हणाला. "मी जायची कोणीतरी वाट बघतंय."

पासवर्ड दोघांकडेच, त्याच्याकडे आणि भाचीकडे. आणि भाची त्याच्यानंतर निघायची. त्याने आडून आडून विचारलं तेव्हा ती हसली. "मामा, माझ्याच बातम्या आहेत त्यात. मी कशाला बंद करू?"

ते हसणं त्याच्या डोक्यात बसलं. आता ती पाणी प्यायला उठली तरी हा मान वर करायचा. पोर कडेवर खेळवलेली, पण संशयाला कुठली आलीयत नातीगोती.

साइट कोण बंद करतं, ते संपादकबाईंनी शेवटी निर्वाणीचं विचारलं. मामाने भाचीचं नाव सांगितलं. दुपारीच तिला उद्यापासून येऊ नकोस असं सांगण्यात आलं. ती भांडली नाही, रडली नाही. ऑफिसची किल्ली मामाच्या टेबलावर ठेवून निघून गेली. थोड्या वेळाने बहिणीचा फोन आला. "दादा, तुला दुसरं कोणी सापडलं नाही का रे?" एवढंच बोलून तिने ठेवून दिला.

मामाने पासवर्ड बदलला. आता बघू कोण बंद करतं ते. मोबाइलवर साइट उघडून समोर ठेवली आणि रोजच्यासारखं लॉगआउट केलं. लॉगिन उघडं टाकून हा माणूस उभ्या जन्मात कधी उठला नव्हता.

मोबाइलवरची साइट गेली.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्याने परत लॉगिन केलं, सर्व्हर चालू केला, साइट आली. लॉगआउट केलं, गेली. मग त्याच्या लक्षात आलं. आपल्या लॉगिनमधून चालू केलेलं काम आपण बाहेर पडलो की आपल्यासोबतच बंद पडतं. मागे चालू राहायचं असेल तर तशी सोय आधी करावी लागते. ती सोय त्या स्क्रिप्टमध्ये होती.

त्याने स्क्रिप्ट लावली, लॉगआउट केलं. साइट चालूच राहिली. तसाच तो बाईंच्या खोलीत गेला.

"चोर सापडला," तो म्हणाला. "मीच आहे. पोरीला परत बोलवा."

बहिणीच्या घराचं दार भाचीनेच उघडलं. त्याने सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.  शेवटी त्याने खिशातून किल्ली काढून पुढे केली.

"नीट बघून घे, मामा," ती म्हणाली. "माझीच आहे ना?"

आणि त्याचा हात तसाच पुढे राहिला.