स्पीडब्रेकर आला की उतरायचं

आमच्या अन्नपूर्णा भागात लोक माझ्या गाडीला नमस्कार करायला लागले तेव्हा आधी मला वाटलं, डॅशबोर्डवरच्या गणपतीला करताहेत. गाडी पंचवीस वर्षांची, चंदेरी रंगाची, जपानी कंपनीची साधी चार दारांची. तिच्यातून मी शाळेत गणित शिकवायला गेले, भाजी आणली, नातेवाइकांच्या लग्नाला महूपर्यंत लाडवांचे डबे पोचवले, एकदा तर नणंदेची शिलाई मशीन मागच्या सीटवर आडवी घालून आणली. असल्या गाडीला कोण कशाला नमस्कार करेल? पण एक दिवस सिग्नलवर शेजारच्या स्कूटरवरच्या माणसाने काच वाजवली. पस्तिशीचा असेल, पोट सुटलेलं, टी-शर्टवर जपानी अक्षरं. म्हणाला, "आंटीजी, आपको पता भी है आप क्या चला रही हैं?"

"गाडी," मी म्हटलं.

मी देवघरातल्या घंटेने अक्रोड फोडत असावे, असा त्याने चेहरा केला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवून दमले, तरी हा हलेना. शेवटी माझ्या मागे मागे घरापर्यंत आला. दारावरची पाटी वाचून म्हणाला, "अरे, तुम्ही आपल्यातल्याच का काकू? मग तर घरचाच मामला झाला." आणि चहा होईपर्यंत गाडीभोवती अनवाणी प्रदक्षिणा घालत राहिला.

हा गृहस्थ एका विमा ऑफिसात कामाला, आणि रविवारी जपानी परफॉर्मन्स गाड्यांच्या चाहत्यांच्या क्लबाचा अध्यक्ष. क्लबात नऊ जण. सगळ्यांकडे टी-शर्ट होते, किचेन होत्या, मोबाइलच्या कव्हरवर गाड्यांची चित्रं होती. गाडी तेवढी एकाकडेही नव्हती. अध्यक्षाची स्कूटर. खजिनदार वडिलांची छोटी गाडी आणायचा, तीही वडील झोपले असले तर. सेक्रेटरी महूचा, त्याच्या मोटरसायकलवर जपानीत काहीतरी लिहिलेलं. त्याचा अर्थ त्यालाही माहीत नव्हता, ते साबणाच्या पाकिटावरचं असलं तरी आपण कोण सांगणार. रविवारी सकाळी हे लोक पोह्यांच्या गाडीवर जमून जपानच्या घाटांतल्या शर्यती मोबाइलवर बघायचे आणि भांडायचे. ज्या गाड्या जन्मात पाहिल्या नाहीत त्यांच्यावरून दोघांचा सहा महिने अबोला होता.

अध्यक्षाने मला माझ्याच गाडीचं माहात्म्य सांगितलं. तिच्या इंजिनात म्हणे एक गंमत आहे. ते जोरात फिरायला लागलं की एका ठरावीक क्षणी आत दुसरी यंत्रणा जागी होते, गाडी उसळी घेते आणि तिचा आवाजच बदलतो. "त्या आवाजासाठी लोक जीव टाकतात काकू. मी तर फक्त मोबाइलवर ऐकलाय."

"तो होय," मी म्हटलं. "राऊच्या पुढे ट्रकला ओव्हरटेक करताना येतो. मला वाटायचं, हिला दमा झालाय."

त्याला पाणी द्यावं लागलं.

आता मी या लोकांना दारातूनच वाटेला लावायला हवं होतं, पण माझी गरज होती. आमचे हे गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून पुण्याचा मुलगा रोज संध्याकाळी फोनवर एकच पालुपद लावायचा, "आई, गाडी विक. या वयात कशाला? कॅब लाव." त्याचं प्रेम मला कळत नाही असं नाही. पण त्या गाडीत बसलं की मी कुणाची आई नसते, कुणाची विधवा नसते, कुठे चाललीस म्हणून कुणी विचारत नाही. ती गेली की मी घरात बसणार आणि घरात बसले की संपले, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यात आमच्या मिस्त्रीने हात टेकलेले, पार्ट मिळत नाहीत म्हणून. अध्यक्ष म्हणाला, "पार्टचं टेन्शन नका घेऊ काकू, मी मागवून देऊन देतो. फक्त कधीमधी रविवारी गाडी द्या." मला तर देव पावला. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं.

महिनाभर खरंच मजा आली. गाडी गुळगुळीत पळायला लागली. मग हळूहळू कायदेकानून सुरू झाले. मागच्या सीटवर भाजी नको, वास धरतो. मंदिराचा नारळ डिकीत गडगडतो, तो मांडीवर घ्या. पावसात काढू नका. धुळीत काढू नका. रविवारी ते स्वतः नेत तेव्हाही इंजिनाला त्रास नको म्हणून गोगलगायीसारखी चालवत. मे महिन्यात मी बॉनेटवर कुरडया वाळत घातल्या, तर खजिनदाराने फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि दोन जणांनी त्या दिवशी जेवण सोडलं. वर अध्यक्ष मला समजावायला आला, "काकू, ओरिजिनल पेंट आहे." मी म्हटलं, "कुरडयाही ओरिजिनल आहेत."

ह्यांना तर त्यांनी महापुरुषच करून टाकलं. मागच्या काचेवर स्टिकर लावलं, "अंकलजी, द लेजंड." खजिनदार सगळ्यांना सांगायचा, "भिया, अंकल की नजर देखो. उस जमाने में यही इंजिन उठाया." आता खरं सांगायचं तर ह्यांनी ती गाडी घेतली कारण तिच्यात कप ठेवायला जागा होती. लायसन्स होतं, पण एकदा रिव्हर्स घेताना शेजाऱ्यांचं तुळशी वृंदावन पाडलं आणि त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावला नाही. पुढची सगळी वर्षं मी चालवायची, हे डावीकडे बसून शेंगा सोलायचे. एक शेंग मला, एक स्वतःला, आणि ट्रक दिसला की, "सावकाश, सावकाश." क्लबाला हे मी सांगितलं नाही. लेजंड व्हायला ह्यांना फार आवडलं असतं.

मग एका शनिवारी गाडी गॅरेजला नेली ती बुटकी होऊन आली. स्प्रिंगा बदलून तिला जमिनीला टेकवली होती. "काय खतरनाक लुक येऊन गेलाय, बघा काकू," अध्यक्ष म्हणाला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे. संध्याकाळी मी निघाले तर त्याच्यावर गाडीचं पोट असं खरडलं की माझ्या दातांत कळ गेली. अध्यक्षाकडे तक्रार केली, तर त्याने डोकं धरलं. गाडीबद्दल म्हणून धरलं, माझ्याबद्दल नाही. दुसऱ्या दिवशी गाडीवर मोठं कव्हर आलं. "आता ही रोजच्या वापराची राहिली नाही काकू. ही हेरिटेज आहे."

मी ई-रिक्शाने फिरायला लागले. मुलगा फोनवर खूश, "बरं झालं आई, सुटली एकदाची सवय." त्या रात्री मी बसून हिशेब मांडला. मुलगा म्हणतो गाडी धोक्याची, हे क्लबवाले म्हणतात गाडी अनमोल. उदाहरणं दोन वेगळी, पण उत्तर एकच, की म्हातारीने चालवायची नाही. मी ज्यांना आपल्या पार्टीत ओढलं ते कधीचे पलीकडे जाऊन बसले होते.

त्यानंतरच्या रविवारी क्लबाचं संमेलन ठरलं, मानपुरच्या एका ढाब्यावर. लांबून लांबून चाहते येणार, बॅनर लागणार, आणि बघायला काय, तर माझी गाडी. मी म्हटलं, मी पण येते. अध्यक्षाला नाही म्हणवेना. त्याने स्टिअरिंग धरलं, शेजारी व्हिडिओ काढणारा एक मेंबर, आणि मागे खजिनदार, मी आणि महूहून चढलेला सेक्रेटरी. माझ्याच गाडीत मी मागे मधोमध, दोन दांडग्या पोरांच्यात पापडासारखी. खिडकीसुद्धा वाट्याला आली नाही.

गल्लीतल्या स्पीडब्रेकरपलीकडे त्यांनी गाडी आधीच नेऊन ठेवली होती. महूत छावणीच्या रस्त्याला वाटेतला पहिला आला. अध्यक्षाने गाडी थांबवली. "चलो, उतरो." सगळे सवयीने उतरले. मी बसून राहिले.

"काकू, तुम्ही पण."

"मी कशाला?"

"वजन कमी होऊन जातं ना. नाहीतर खाली घासते."

उतरले. गाडी मुंगीच्या पावलाने स्पीडब्रेकर चढली, उतरली, आम्ही मागून चालत गेलो आणि परत बसलो. लगेच दुसरा आला. परत उतरा, चाला, बसा. छावणीत स्पीडब्रेकरना काय तोटा. माझे गुडघे बोलायला लागले. जगातल्या नामी वेगवान इंजिनामागून आम्ही महूच्या बाजारापर्यंत बहुतेक पायीच आलो. एका फाटकावरचा जवान मघापासून हा तमाशा बघत होता. मला जवळ बोलावून म्हणाला, "माताजी, गाडी खराब हो गई क्या? धक्का लगा दूँ?"

"नहीं बेटा," मी म्हटलं, "अच्छी कर दी है."

महूच्या बाहेरचा शेवटचा स्पीडब्रेकर आला. परत उतरले. माझ्या शेजारून चालता चालता खजिनदार अगदी मायेने म्हणाला, "बस आंटीजी, आज के बाद आपको तकलीफ नहीं. अध्यक्ष भिया की आपके बेटे से बात हो गई है. संमेलन के बाद गाडी भिया के यहाँ ही रहेगी, देखभाल में."

मी तिथेच थांबले. राग यायला हवा होता, तो नंतर आला. आधी रडूच आलं. माझ्या गाडीचं दोन पुरुषांनी फोनवर ठरवलं, आणि मला सांगितलं कुठे, तर स्पीडब्रेकरवर, वजन म्हणून उतरवल्यावर. अध्यक्ष अजून अलीकडेच होता, पुढची चाकं चढवू की नको करत. मी त्याच्या खिडकीशी गेले.

"उतर."

"काकू, ड्रायव्हरला कसं उतरता येईल?"

"तुझं वजन किती?"

तो गडबडला. "नव्वदच्या आसपास."

"माझं पन्नासच्या आत. वजनच कमी करायचं ना? मग स्टिअरिंगवर कोण पाहिजे? गणित शिकवलंय मी, मला नको शिकवूस."

गणितापुढे त्याचं काही चालेना. बाकीचे तिघे एकमेकांकडे बघायला लागले, कारण उत्तर बरोबर होतं. तो उतरला. मी बसले, सीट पुढे ओढली, पदर खोचला. गाडी स्पीडब्रेकरवरून अलगद गेली, कुठेही घासली नाही. पलीकडे ते परत बसायला धावत आले, तोपर्यंत मी निघाले होते.

मानपुरचा रस्ता पुढे मोकळा होता. मी दुसऱ्या गिअरमध्येच पाय दाबून धरला आणि तो आवाज आला. आधी घसा साफ केल्यासारखा, मग मोठा, स्वच्छ, ताणलेला. आरशात बघितलं तर चौघे रस्त्याकडेला एका ओळीत उभे, व्हिडिओवाल्याने मोबाइल खाली केलेला. ज्याच्यासाठी टी-शर्ट शिवले, अबोले धरले, जेवणं सोडली, तो आवाज त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कानांनी ऐकला.

एक ट्रक मागे टाकला आणि सवयीने डावीकडे बघितलं. सीट रिकामी होती. कुणी सावकाश म्हटलं नाही. चार वर्षांत इतकी आठवण आली नव्हती. गाडी कडेला घेतली, डोळे पुसले आणि मुलाला फोन लावला.

"गाडी कुणाला द्यायची नाही," मी म्हटलं.

"आई, कुठे आहेस तू?"

"मानपुरच्या रस्त्यावर."

"चालवतंय कोण?"

"मी."

त्याला वाद घालायचा असेल, दवाखान्याची, वयाची, डोळ्यांची सगळी यादी तोंडावर आली असेल. पण मघाचं रडू माझ्या आवाजात अजून असावं. शेवटी एवढंच म्हणाला, "सावकाश ये." अगदी ह्यांच्यासारखंच म्हणाला.

मी गाडी वळवली. चौघे त्याच स्पीडब्रेकरवर बसले होते, रस्त्याच्या कडेला, पाय सोडून. ढाब्यावरून फोनावर फोन येत होते आणि कुणी उचलत नव्हतं. अध्यक्ष उठून खिडकीशी आला. त्याचे डोळे लाल होते. गाडी गेल्याने की आवाज ऐकल्याने, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"काकू, बसायचं का आम्ही?"

"बसा. संमेलन राहू द्या, घरी चला. उद्या जुन्या स्प्रिंगा परत बसवायच्या."

"लुक चालला जाईल काकू."

"जाऊ दे. आणि तोवर नियम तुमचाच. स्पीडब्रेकर आला की उतरायचं."

ते मुकाट बसले. छावणीतले सगळे स्पीडब्रेकर परत आले. प्रत्येकाला मी गाडी थांबवली, चौघे उतरले, मागून चालत आले, परत बसले. फाटकावरच्या जवानाने या वेळी मला सलाम ठोकला. अन्नपूर्णेच्या गल्लीपर्यंत मी एकदाही उतरले नाही.