मोहिद्दीन तांडेलाची ग्यारंटी

वर्कशॉपात भांडायला जायचं असलं की मोहिद्दीन तांडेल धुतलेला पांढरा सदरा घालायचा, दाढीवरून कंगवा फिरवायचा आणि टोपी जराशी तिरकी बसवायचा. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा कुणाच्या तरी निकाहाला निघाला आहे. खोलीतली पोरं त्याची मजा करायची.

"चाचा, साहेबाच्या मुलीला मागणी घालायला चाललात काय?" याकूब विचारायचा. तो खोलीतला स्वयंपाक करायचा, त्यामुळे सगळ्यांची थट्टा करायचा हक्क त्याच्याकडे होता.

"साहेबाची मुलगी तुला ठेव," मोहिद्दीन म्हणायचा. "माझीच मुलगी सासरी अडकून पडलीय. तिला आणायला चाललोय."

अडकलेली मुलगी म्हणजे त्याची गाडी. राखाडी रंगाची, चार दारांची, घेऊन सहा महिनेही झाले नव्हते.

सदुसष्ट साल सरत आलं होतं. तेव्हाची दुबई आजच्या डोळ्यांना दाखवायची तर समोरच्या सगळ्या इमारती पुसून टाकाव्या लागतील. खाडी, खाडीच्या दोन्ही काठांवर मातीची आणि झावळ्यांची घरं, मध्ये इकडून तिकडे माणसं पोहोचवणाऱ्या होड्या, आणि पाठीमागे नजर पोहोचेल तिथवर वाळू. मोठी आगबोट खाडीत शिरत नसे. ती बाहेर समुद्रात नांगर टाकून थांबायची आणि तिच्यातला माल पडावांतून काठाला यायचा. अशा एका पडावाचा तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी, मोहिद्दीन. मूळचा हर्णैचा. जन्म पाण्यावर गेला, आणि म्हातारपणी माणसाने घेतलं काय, तर गाडी!

का घेतली, ते देऱ्यात, म्हणजे खाडीकाठच्या त्या वस्तीत, कुणालाच कळलं नाही. डांबरी रस्ता जेमतेम नावाला होता. पूर्वी कंपनीचा पिकअप चालवायचा म्हणून हातात लायसन होतं, एवढंच. पोरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "गुडघे दुखतात रे."

खरं कारण गुडघ्यांत नव्हतं. मागल्या वर्षी पडावाच्या ऑफिसात साजिदाची, म्हणजे त्याच्या मुलीची, तार आली होती. त्याची बायको हव्वाबी गेली. तार हातात पडली तेव्हा मयत दफन होऊन दोन दिवस झाले होते. तार वाचून दाखवणारा कारकून पुढच्याच महिन्यात बहारीनला बदलून गेला आणि ती बातमी मोहिद्दीनच्या एकट्याच्या पोटात राहिली. त्याने खोलीत सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते त्याला पाठ होतं. दुसऱ्यांच्या बाबतीत त्यानेच कितीदा ते केलं होतं. सगळे जमणार, यासीन पढणार, याकूब मोठ्या टोपात जेवण रांधणार, प्रत्येक जण पाठीवर हात ठेवून "सबर करा" म्हणणार. आणि दुसऱ्या सकाळी ज्याची त्याची पाळी. खलास. बत्तीस वर्षांचा संसार एका जेवणात संपणार.

पण न सांगून रडायचं कुठे? खोलीत सहा माणसं पाळीपाळीने झोपत. मशिदीत माणसं, धक्क्यावर माणसं, पडावावर तर खांद्याला खांदा. देऱ्यात सगळं विकत मिळत होतं, दार लावून घेता येईल अशी जागा मात्र मिळत नव्हती. मग एके दिवशी त्याने एजन्सीच्या काचेमागे ती गाडी पाहिली. विक्रेत्याने दार उघडून त्याला आत बसवलं आणि बाहेरून दार लोटलं. धप्प. बाजाराचा सगळा गलका बाहेरच राहिला. गावी हव्वाबीसाठी चिऱ्याचं घर बांधायचं म्हणून जी पुंजी जपली होती ती त्याने त्या धप्प आवाजावर ओतली.

रोज सूर्य बुडून मगरीबची नमाज झाली की तो खाडीच्या टोकाला, जिथे लाकडी जहाजं बांधायचं काम चाले, त्या माळावर गाडी नेऊन उभी करी. काचा वर करी आणि बोले. आपल्या हर्णैच्या बोलीत, मोठ्याने. "आज कांद्याची गोणी फुटली गो, सगळ्या पडावभर कांदे." "साजिदाचा नवरा बरा आहे, तू उगाच बोलायचीस." कधी नुसतं नाव घेई. कधी रडे. घाम निथळून सदरा ओला झाला की काच खाली करून परत येई.

आणि एका शुक्रवारी, शारजाहून परत येताना, गाडीचे मागचे ब्रेक लागेनात. पाय दाबला तर गाडी आपल्या मर्जीने सरकत राहिली आणि एका झावळीच्या कुंपणात जाऊन थांबली. वर्कशॉपात चढवून पाहिली तर खालचे रबरी भागही फुगून मऊ पडलेले, आणि त्यावर वाळूचा थर.

ग्यारंटी वर्षभराची होती. पण इंग्रज मॅनेजरने खाली वाकून पाहिलं आणि तिथल्या तिथे नकार दिला. तेव्हा शारजाला जायला धड रस्ता नव्हता. बरेच जण ओहोटीच्या वेळी किनाऱ्याच्या ओल्या, घट्ट वाळूवरून गाड्या पळवत आणि लाटांचं खारं पाणी गाडीचं पोट खाऊन टाकी. समुद्रात घातलेल्या गाडीला ग्यारंटी नाही, असा एजन्सीचा नियम होता.

"मी समुद्रात घातली?" मोहिद्दीनचा आवाज वर्कशॉपच्या पत्र्याला लागला. "मी? ज्याचा जन्म समुद्रात गेला, त्याला खारं पाणी लोखंडाला काय करतं ते शिकवता? मी नेहमी आतल्या वाटेने जातो, वाळूत रुतत, धक्के खात!"

ते खरं होतं. पण साहेबाने मान हलवली, आणि भांडण सुरू झालं.

दर संध्याकाळी पांढरा सदरा घालून तो जायचा. काउंटरवर थोडा वेळ आवाज चढवायचा. कुणी ऐकेना झालं की मागच्या अंगणात जायचा, जिथे त्याची गाडी मोडक्या लॉरीच्या बाजूला उभी होती, आणि आत बसायचा. हमदुल्ला नावाचा एक उंच बलुची मिस्त्री तिथे काम करायचा. गाडीची पहिली सर्व्हिस त्यानेच केली होती. त्याने कधी काही विचारलं नाही. उलट अंगणात कुणी मोठ्याने बोलू लागलं की तो हात वर करून त्याला पलीकडे जायला सांगायचा.

एकदा मोहिद्दीनच म्हणाला, "भाई, बुरा मत मानना. दिमाग थोडा ठंडा करता हूं."

"बैठो, बाबा," हमदुल्ला म्हणाला. "तुम्हारा गाडी, तुम्हारा मर्जी."

मग साहेबाचा निरोप आला. गुरुवारपर्यंत एकतर पैसे भरून दुरुस्ती करा, नाहीतर गाडी उचला. पैसे नव्हते. आणि न चालणारी गाडी रस्त्यावर काढली तर ती तिथेच सडणार, किंवा भंगारवाला नेणार.

तेव्हा कमरुद्दीन पुढे झाला. दापोलीच्या मास्तरांचा मुलगा, एका शिपिंग ऑफिसात टायपिस्ट, त्याच खोलीत राहणारा. त्याचं इंग्रजी असं की साहेब लोक मान वळवून बघत. "चाचा, तुम्ही भांडता ते हिंदीत. साहेब हिंदीत हरत नाही. उद्या मी येतो."

बुधवारी तो खरंच आला, शर्टाच्या बाह्या सारून गाडीखाली शिरला, आणि ओरडतच बाहेर आला. "जिंकलो! चाचा, जिंकलो! हे बघा." त्याच्या बोटांवर काळसर, चिकट तेल होतं. "समुद्राचं पाणी नाही, तेल आहे हे. तेलाने रबर फुगतं, तेलाने ब्रेक घसरतो. आणि तेल कुणी सांडलं? सर्व्हिस करताना ह्यांच्याच माणसाने! चूक एजन्सीची, तुम्हाला दुरुस्ती फुकट. यल्ला, उद्या साहेबासमोर तुम्ही फक्त मान हलवायची."

मोहिद्दीनने ती बोटं धरून नाकाशी नेली.

"काय हुंगता? ह्या देऱ्यात सगळ्यालाच मासळीचा वास," कमरुद्दीन हसला. मास्तरांच्या मुलाची आणि मासळीची ओळख ताटापुरतीच होती.

मोहिद्दीन हसला नाही. ते मुशी माशाचं तेल होतं. त्यानेच लावलेलं. गाडी आणली त्याच्या पहिल्या शुक्रवारी, जहाजं बांधायच्या माळावरून डबा भरून तेल आणलं, गाडीखाली उताणा पडला, आणि चिंधीने इंच न् इंच माखला. लोखंड, रबर, नळ्या, चाकांच्या आतली बाजू. नवा मचवा पाण्यात लोटण्याआधी तेल प्यायला देतात, मग लाकडाला खारं पाणी खात नाही. गाडीला तर चारही बाजूंनी खारी हवा. तेल द्यायचं नाही तर काय? यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. आंघोळ घातली असं कुणी सांगत सुटतं का?

त्या संध्याकाळी तो गाडीत बसला, पण बोलला नाही. मान हलवायची होती फक्त. एक मान हलवली की दार त्याचं, काचा त्याच्या, हव्वाबी त्याची.

गुरुवारी साहेबाच्या खोलीत पंखा फिरत होता. कमरुद्दीन काय बोलला! जणू भरलेलं थिएटर समोर बसलं आहे आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोहोचवायचा आहे. शेवटी साहेबाने सर्व्हिसचं कार्ड मागवलं, नाव वाचलं आणि शिपायाला काहीतरी सांगितलं.

हमदुल्ला आत आला. हात पुसत पुसत, दाराशीच उभा राहिला. इंग्रजी त्याला येत नव्हतं. पण साहेब बोलत असताना आपलं नाव दोनदा आलेलं त्याने ऐकलं, आणि त्याचा पुसता हात थांबला.

"साहेब काय म्हणाला?" मोहिद्दीनने हळूच विचारलं.

"आपलं काम झालं," कमरुद्दीन कुजबुजला. "दुरुस्ती करून देतो म्हणाला."

"आणि ह्याला?"

"ह्याला महिन्याचा पगार देऊन रजा. सोडा हो चाचा, तो बघेल त्याचं."

साहेबाने मोहिद्दीनकडे पाहिलं. मान हलवायची वेळ आली होती. हमदुल्लाने कुणाकडेच पाहिलं नाही. तो आपल्या काळ्या हातांकडे बघत होता, खरंच सांडलं असेल का, हे त्यांनाच विचारत असल्यासारखा.

"कमरू," मोहिद्दीन म्हणाला, "साहेबाला सांग, तेल माझं आहे."

"चाचा!"

"सांग. मुशीचं तेल. मी लावलं, माझ्या हाताने. ह्या माणसाने सांडलेलं नाही."

कमरुद्दीनने दात आवळून सांगितलं. साहेबाच्या भुवया वर गेल्या. त्याने विचारलं, का? माशाचं तेल? मोटारीला?

आणि मोहिद्दीन सांगू लागला. आधी साहेबाला, मग कुणालाच नाही. "आमच्याकडे नवी बोट अशी कोरडी पाण्यात घालत नाहीत. तेल गरम लागतं, तरच आत मुरतं. मी मांडत असे चिंधी, बांबू, सगळं. तेल ती गरम करायची. पुळणीवर तीन दगड मांडून. कढईत बोट बुडवून बघायची, आणि ओरडायची, आता घ्या, थंड होईल! तिच्यासारखं तेल कुणाला जमत नव्हतं. धूर डोळ्यांत जायचा तिच्या. हव्वाबी डोळे पुसायची पदराने आणि वर मलाच..."

कमरुद्दीन भाषांतर करता करता थांबला. साहेब वाट बघत राहिला.

"चाचा," कमरुद्दीन मराठीतच म्हणाला, "पुसायची म्हणजे? चाची... कधी?"

मोहिद्दीनने टोपी काढून हातात घेतली. उत्तराची गरज उरली नव्हती.

दुरुस्ती नाकारली गेली. हमदुल्ला कामावर राहिला. त्याला आत नेमकं काय झालं ते कळलं की नाही, देव जाणे. संध्याकाळी गाडी ढकलत बाहेर काढायची होती तेव्हा तो आला, खांदा लावला, आणि पार खोलीच्या मागच्या मोकळ्या वाळूपर्यंत लावून ठेवला. मग सलाम करून गेला.

त्याच संध्याकाळी सगळं झालं. पोरांनी मयत समोर नसताना पढतात ती गायबाना नमाज पढली, यासीन पढली. याकूबने मोठ्या टोपात जेवण केलं आणि थट्टेचा एक शब्द काढला नाही. प्रत्येकाने पाठीवर हात ठेवला. मोहिद्दीन प्रत्येकाला "हां बाबा, हां" म्हणत राहिला.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. पण पोरांची मनं मोठी होती आणि त्यांना स्वतःची लाज वाटत होती. म्हातारा वर्षभर आपल्यात उठबस करत होता आणि आपल्याला कळलं नाही! शुक्रवारी मगरीबनंतर तो मागच्या वाळूत गेला, गाडीत बसला, काच वर करू लागला, तोच पलीकडचं दार उघडून कमरुद्दीन शेजारी बसला. मागे याकूब आला, चहाची किटली घेऊन. मग आणखी दोघे, एकमेकांना सरकवत.

"चाचा, आता तुम्हाला एकटं नाही सोडायचं," याकूब म्हणाला. "आम्ही ठरवलंय. रोज कुणी ना कुणी येणार."

"काच खाली करा हो," मागून कुणीतरी म्हणालं. "जीव गुदमरतो."

मोहिद्दीनने काच खाली केली. पोरं बोलू लागली. आगबोटीच्या तारखा, गावचा निकाह, नव्या मुकादमाची नक्कल. मध्येच आठवण झाल्यासारखी गप्प होत, त्याच्याकडे बघत, आणि पुन्हा हळू आवाजात सुरू होत. तो दोन्ही हातांनी चक्र धरून, न चालणारी गाडी चालवत असल्यासारखा समोर बघत बसला होता. ओठांवर आलेलं नाव त्याने चहाबरोबर गिळलं.

अंधार पडला तशी एकेकाची पाळी सुरू झाली. पोरं उतरली. जाताना प्रत्येकाने खिडकीतून हात आत घालून त्याचा खांदा दाबला.

"उद्या येतो हां, चाचा."

"या," मोहिद्दीन म्हणाला. "या बाबांनो, या."