जबड्यावरून फुटलेली मंडळी

लामसार पाकपाहान आणि मी तरुणपणापासून एकाच करवतीच्या दोन टोकांना होतो. तो वर लाकडी माचावर उभा, मी खाली खड्ड्यात. भुसा माझ्या डोळ्यांत पडे, म्हणून शिव्याही मीच देई. तो गप्प. दिवसभरात त्याच्या तोंडून निघे ते "लाए, पाणी" आणि "लाए, पुरे." लाए म्हणजे बायकोचा भाऊ, पण ज्याच्याशी पटतं अशा कुठल्याही गड्याला आम्ही तसंच हाक मारतो.

न बोलणाऱ्या माणसाचं आम्हा बाटाक लोकांत कठीण असतं. आमच्याकडे जेवणावळ म्हणजे आधी भाषणं. प्रत्येक घराण्याचा एक जण उठतो, दुसरं घराणं त्याला उत्तर देतं, पहिलं त्या उत्तराचे आभार मानतं, आणि तोवर भात गार होतो. लामसार अशा वेळी ताटाकडे बघत बसे. म्हणूनच मंडळीनं त्याला चर्चचा वडील, म्हणजे पंच, नेमलं. समितीत एक तरी न बोलणारा लागतो, नाहीतर ऐकणार कोण? शिवाय रविवारची घंटा वाजवायचं काम त्याच्याकडे होतं, कारण त्यात दोर ओढावा लागतो आणि बाकीच्या वडिलांच्या कमरा नाजूक होत्या.

आमच्या गावात अर्धे लोक तळ्याकाठून आलेले, अर्धे डोंगरावरून. देव एक, स्तोत्रं एक, डुकराचे वाटे करायच्या रीती मात्र दोन. डोक्याचा कोणता तुकडा कोणापुढे ठेवला यावर आमच्यात माणसाचा मान ठरतो. तळ्याकाठी खालचा जबडा पाहुण्याचा. डोंगरावर जबडा यजमानाचा, पाहुण्याला शेपटाकडचा भाग. घरच्या कार्यात लोक सांभाळून घेत. पण चर्चचा वाढदिवस आला आणि सगळ्या गावाचं जेवण ठरलं. चर्च सगळ्यांचं, मग त्यात यजमान कोण आणि पाहुणा कोण? कापणाऱ्यांनी फार विचार केला नाही. जबडा ठेवला तळ्याकाठच्या बोनारपुढे, शेपूट ठेवलं डोंगराकडच्या सिहोलपुढे.

सिहोलनं शेपूट पाहिलं; त्याच्या रीतीनं तो आपल्याच चर्चमध्ये पाहुणा ठरला होता. मग म्हणाला, "आमांग बोनार, तुमच्या उरलेल्या दातांना एवढा जबडा झेपेल का?"

"आमांग सिहोल, माझ्या दातांची काळजी तुमच्या शेपटानं करू नये."

दोघंही एकमेकांना आमांग म्हणजे बापाच्या मानानंच बोलत होते. आमच्यात भांडतानाही रीत सोडत नाहीत.

पुढच्या रविवारपासून एकाच चर्चमध्ये दोन उपासना सुरू झाल्या. डोंगरवाले आठला, तळ्याकाठचे दहाला. आमच्या पाळक, इनांग म्हणजे आईच्या मानाच्या रोस्तिना, ऐक्यावर उपदेश करू लागल्या. तोच उपदेश, दोनदा. दोन्ही वेळा लोकांनी माना डोलावल्या आणि मनात म्हटलं, बरं झालं, त्या लोकांना कुणीतरी ऐकवलं. लामसार दोनदा घंटा वाजवी. डोंगरवाल्यांची तक्रार आली की दहाची घंटा जास्त वेळ वाजते. मग तळ्याकाठच्यांची आली की आठची जास्त जोरात वाजते. हात मात्र एकाचेच दुखत होते.

शांतता समितीही नेमली. ती बोनारच्या ताडीच्या दुकानात बसायची. सिहोल बोनारच्या छपराखाली पाय ठेवणार नाही म्हणाला, म्हणून निम्मी समिती रस्त्यावर बसे आणि आत ओरडून बोले. समितीनं बाकांशिवाय काही झिजवलं नाही. ताडी मात्र दोन्हीकडच्यांना एकाच मडक्यातली चाले.

लामसारची बायको डोंगराकडची. पोरीच्या नावावरून तिला सगळे नाई तिओदोरा म्हणत, म्हणजे तिओदोराची आई. ती आठला जाई; तो आठची घंटा वाजवून घरी येई आणि दहाला परत जाई. वाटेत एकमेकांना भेटत.

"कोंबड्यांना दाणे टाकलेत?" ती विचारी.

"हं."

"आज उपदेश ऐक्यावर आहे," ती सांगे. "झोप आली तर झोपा. मी ऐकलाय, शेवट गोड आहे."

असं चाललं असतं. पण तिओदोराचं लग्न ठरलं, तेही सिहोलच्या पुतण्याशी, तुम्पालशी. त्याआधी अशीच एक जोडी, एक इकडची आणि एक तिकडची, कोणीच आशीर्वाद देईना म्हणून मेदान शहराच्या बसमध्ये बसून गेली होती. त्या पोरीची आई अजून बसथांब्याकडे बघत नाही.

तिओदोरा बापाला म्हणाली, "बाबा, मला बसमधून सासरी जायचं नाही. दोन्हीकडच्या लोकांनी खांद्यावर उलोस घातली तरच मी लग्न करीन. नाहीतर राहीन घरात, विणत."

उलोस म्हणजे आमची हातमागाची शाल. ती खांद्यावर आली की आशीर्वाद आला. ती नाही तर पाळक कितीही प्रार्थना करोत, आमच्या लेखी लग्न अर्धंच.

लामसार म्हणाला, "बरं." लग्नाच्या तयारीत तो एवढंच बोलला.

चर्चमध्ये आधी लग्न जाहीर करावं लागतं, कुणाची हरकत आहे का ते विचारायला. आठच्या उपासनेत फक्त तुम्पालचं नाव वाचलं, दहाच्या उपासनेत फक्त तिओदोराचं. म्हणजे मंडळीच्या माहितीप्रमाणे दोघांचीही लग्नं होणार होती, कोणाशी ते देवाला ठाऊक. हरकत कोणी घेतली नाही.

लग्नाच्या दिवशी चर्चमधला विधी नीट पार पडला, कारण तिथे डुक्कर नव्हतं. मग सगळे मांडवात आले. आमच्या रीतीनं मुलाकडच्यांनी डुक्कर आणलं, मुलीकडच्यांनी मासे. डुकराचं डोकं तुकडे करून, शेपटासकट, लामसारपुढे परातीत मांडलं. मुलीकडून बोलायला बोनार उठला, मुलाकडून सिहोल.

"पाहुणे आम्ही," बोनार म्हणाला. "जबडा आमच्याकडे यावा, हे आमांग सिहोलना सांगायला लागू नये."

"डुक्कर आमचं, यजमान आम्ही. जबडा आमच्याकडेच राहतो. शेपूट घ्या, छान भाजलंय."

"शेपूट तुम्हाला ओळखीचं. तुम्हीच ठेवा."

यावर सिहोलनं भाषणात म्हणायच्या जुन्या ओळी म्हटल्या, त्याला बोनारनं जुन्या ओळींतच उत्तर दिलं. दोघांची पाठांतरं चांगली होती. बायकांनी माशांवरच्या माश्या हाकल्या. वाटे ठरल्याशिवाय कोणी उलोस उचलणार नव्हतं. तिओदोरा आणि तुम्पाल मध्ये उभे, उघड्या खांद्यांनी. ऊन मांडवाच्या एका बाजूनं आत आलं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर गेलं. पोरगी पाय बदलत उभी होती. इनांग रोस्तिनांनी एकदा सुचवलं, "बसू द्या की मुलांना." दोन्हीकडून उत्तर आलं की रीत तशी नाही. या एका मुद्द्यावर मतभेद नव्हता.

शेवटी सिहोलनं खांद्यावरची शाल झटकली. "आम्हाला मान मिळत नसेल तर आम्ही निघालो. तुम्पाल, चल."

तुम्पालनं तिओदोराकडे पाहिलं. तिनं बापाकडे पाहिलं.

लामसार उठला. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा हा भाषण करणार. त्यानं परात उचलली, चुलीकडे गेला, स्वयंपाक्याच्या हातातून सत्तूर घेतला आणि ओंडक्यावर जबडा ठेवला. पहिल्या घावात दोन केले. मग दोनाचे चार. जबड्याचं हाड सोपं नसतं. वेडावाकडा घाव बसला तर सत्तूर उडून पायावर येतो. त्यानं एकही घाव वाया घालवला नाही. जबडा झाला, मग वरचं डोकं, मग शेपूट. भाषण करणाऱ्यांना एवढं सलग काम बघायची सवय नव्हती, त्यामुळे कुणी अडवायच्या आत हाड कुठलं आणि मांस कुठलं ते कळेनासं झालं. त्यानं सगळा चुरा रक्तात शिजणाऱ्या मांसाच्या मोठ्या पातेल्यात लोटला आणि हात धुतले.

बोनार ओरडला, "जबडा! जबड्याचं असं करतात?"

"आजोबा-पणजोबांत कुणी पाहिलं नसेल असलं पाप!" सिहोल ओरडला.

"आमांग सिहोल, बघितलंत तुम्ही?"

"बघितलं, आमांग बोनार! माझ्या डोळ्यांदेखत!"

दोघं शेजारी शेजारी उभे राहून लामसारला शिव्या देऊ लागले. त्यांच्यामागे तळ्याकाठचे आणि डोंगराकडचे मिसळून उभे राहिले. एकाला शब्द सुचला नाही की दुसरा पुरवी.

"या माणसाला शिक्षा झालीच पाहिजे," बोनार म्हणाला.

"मंडळीकडून," सिहोल म्हणाला.

इनांग रोस्तिना हुशार बाई. त्या मध्ये आल्या. "यावर तुमचं सगळ्यांचं एकमत आहे?"

"आहे!" दोन्ही बाजूंनी.

"मग एवढ्या दिवसांनी एकमत झालं म्हणून आभार मानू या. डोळे मिटा."

आमेन म्हटल्यावर वाटे करायला काही उरलंच नव्हतं, म्हणून लोकांनी उलोस उचलल्या. आधी बोनारनं घातली, त्यावर सिहोलनं. तिओदोराच्या खांद्यांवर इतक्या शाली झाल्या की नुसती मान दिसत होती, आणि ती रडत होती. पातेल्यातलं सगळ्यांनी खाल्लं. बोनारनं दोनदा मागून घेतलं.

शिक्षा अशी ठरली: लामसारचं वडीलपद गेलं, बसायचं शेवटच्या बाकावर, आणि वर्षभर कुठल्याही जेवणात मानाचा वाटा नाही. घंटा मात्र त्यानंच वाजवायची, कारण कमरा अजून नाजूक होत्या. मग ती शिक्षा कुठल्या उपासनेत वाचायची हा प्रश्न आला.

"आठला तुम्ही ती व्याह्यासाठी मऊ करून वाचाल," बोनार म्हणाला.

"आणि दहाला तुम्ही तुमचंच नाव आधी घ्याल," सिहोल म्हणाला.

एकाचा दुसऱ्यावर विश्वास नव्हता, म्हणून दोघांनी एकत्र बसून ऐकायचं ठरवलं. नऊ वाजता. तेव्हापासून आमच्याकडे उपासना नऊलाच होते. शांतता समितीनं आपल्या कामाबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं.

मी लामसारला विचारलं, "ठरवून केलंस का रे, लाए?"

"ते बोलत होते," तो म्हणाला. "पोरगी उभी होती."

वर्ष सरलं. त्या रविवारी त्याला परत वडील करायचं होतं. उपासनेनंतर त्याच्या क्षमेचं भाषण कोण करणार यावर बोलणं निघालं.

"पहिलं भाषण आमचं," बोनार म्हणाला. "गुन्हेगार आमचा."

"जबडा आमचा होता," सिहोल म्हणाला. आवाज चढायला लागले. दोन-तीन माणसं बाक सोडून आपापल्या बाजूला सरकली.

लामसार शेवटच्या बाकावरून म्हणाला, "मी इथंच बरा आहे."

बोनार आणि सिहोलनं एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून जाहीर केलं की या माणसाला अजून पश्चात्ताप झालेला दिसत नाही. शिक्षा पुढे चालू ठेवावी असं एकमतानं ठरलं. सासरच्या डोंगरवाल्यांत बसलेली तिओदोरा उठून मागे गेली, बापाच्या शेजारी बसली, आणि इनांग रोस्तिनांनी घाईघाईनं शेवटचं स्तोत्र सुरू केलं.