जाळ्याला लावलेली खळ

दशरथजी गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. त्यांचा मुलगा वसंता तेरवीचं सांगायला शाळेत आला, तेव्हा मी हस्तकलेच्या तासाला मुलांकडून टोपल्या करून घेत होतो. ‘बाबा गेले, गुरुजी,’ एवढंच म्हणाला. खुर्ची दिली तरी बसला नाही. खरं सांगायचं तर मला आधी दुःख झालं नाही. आधी मनात आलं, की आता सांगायचं राहूनच गेलं… दीड महिना झाला, त्या विचाराची लाज अजून गेलेली नाही.

आमची ओळख एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटी झाली. मी शाळेत नवा होतो, नोकरी पक्की व्हायची होती. शाळेचे अध्यक्ष नौदलातून निवृत्त झालेले. नागपूरच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, याचं त्यांना फार वाईट वाटे. म्हणून त्यांनी नारळी पौर्णिमेच्या सुमारास फुटाळा तलावावर तीन दिवसांचा दर्यामेळा भरवायचं ठरवलं. मुलांच्या घरच्या सगळ्यांनी मिळून यायचं, लाकडाच्या होड्या कोरायच्या, दोर वळायचे, जाळं विणायचं. जाळं शिकवायला कळमेश्वरकडचे दशरथजी मिळाले. जातीचे ढीवर, पिढीजात मासेमार, चाळिशीचे, अंगानं काटक. तेव्हा बाजारात नायलॉनची जाळी यायला लागली होती आणि हातानं विणलेलं सुती जाळं कोणी विचारत नव्हतं. अध्यक्षांनी त्यांना शब्द दिला होता, की मेळा नीट पार पडला तर दर शनिवारी शाळेत हा वर्ग तुमचा. दशरथजींनी तो शब्द फार मनाला लावून घेतला होता. आपल्या हातातलं पुढं कोणाच्या तरी हातात जाईल, एवढीच त्यांची आस होती.

त्यांनी मला एकच काम सांगितलं. सूत कोरं आणा, त्याले काही करू नका.

मी उमरेडच्या कोष्ट्याचा मुलगा. आणलेलं सूत पिंजारलेलं दिसलं आणि माझे हात शिवशिवले. आमच्या घरी मागावर चढण्याआधी सुताला खळ लागतेच. त्याशिवाय आईनं सुताला कधी हात लावू दिला नाही. मी कणकेची खळ शिजवली, लडी बुडवल्या, अंगणात दोरीवर वाळवल्या. सूत कसं गुळगुळीत, ताठ झालं! त्यांना विचारावं असं वाटलंच नाही. सुताचं मला कोणी काय सांगणार, हा माझा ताठा.

पहिल्या सकाळी दशरथजींनी धागा बोटांत चोळला. ‘कडक लागून राहिलं, गुरुजी.’

‘नवीन आहे ना,’ मी म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला.

ते दोन दिवस मात्र बघण्यासारखे होते. सतरंजीवर घरंच्या घरं बसलेली, प्रत्येकाच्या हातात बांबूची चपटी सुई. दशरथजी मधूनच उकिडवे बसत, कोणाचंही बोट धरून गाठ फिरवत. एका बँकेतल्या गृहस्थाची गाठ बघून त्यांच्या पत्नीला म्हणाले, ‘पाहा वं बाई, तुह्या नवऱ्याच्या गाठीतून मासा हासत हासत निंगून जाईन.’ त्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि नवऱ्याच्या हातातून सुई काढून घेतली. प्रत्येक घरानं हातभर विणायचं, दशरथजींनी ते तुकडे जोडायचे आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांचं मिळून झालेलं जाळं तलावात टाकायचं.

तिसऱ्या दिवशी काठावर गर्दी होती. दशरथजींनी जाळं खांद्यावर घेतलं, कमरेतून वळले आणि फेकलं. पाण्यावर ते एवढं गोल पडलं, की लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओढून वर आणलं तेव्हा त्यात भगदाडं होती. ताठ सुतात गाठ कधी बसलीच नव्हती. पाण्यात खळ विरघळली आणि गाठी सरकल्या. लहान मुलं आपापली गाठ शोधू लागली. मेळ्याच्या समितीतलं कोणीतरी म्हणालं, नागपूरच्या ढीवराकडून दर्याचं जाळं कसलं होणार! लोक हसले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी जवळच उभा होतो, दोन हातांवर. मला सगळं कळलं होतं… आणि त्याच महिन्यात माझी नोकरी पक्की व्हायची होती.

दशरथजीच म्हणाले, ‘माहीच शिकवण कमी पडली असंल, साहेब.’

शनिवारचा वर्ग झाला नाही. मी मात्र पक्का झालो.

पुढे वसंता ट्रकवर लागला आणि ते सगळे नागपूरलगतच्या वाडीला भाड्याच्या खोलीत राहायला आले. मी वर्षातून दोन-तीनदा जात असे. सांगायचं म्हणूनच जात असे. ते ट्रकवाल्यांच्या ताडपत्र्यांचे दोर सांधत बसलेले असत. चहा व्हायचा, नायलॉनला शिव्या व्हायच्या, माझ्या मुलींची चौकशी व्हायची. मी तोंड उघडणार तोच ते दोराचं एक टोक माझ्या हातात देत, ‘धरा, गुरुजी.’ मी धरून बसे. मग उठून निघे. तीन महिन्यांपूर्वीही असाच निघालो होतो.

तेरवीला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी, अंजनाबाई, कांद्यांनी भरलेल्या एका टांगत्या जाळ्याखाली बसल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं. एका दमात, मान खाली घालून. त्यांना नवल वाटलं नाही.

‘त्याईले मालूम होतं, भाऊ. मेळ्याहून घरी आणलं जाळं, उसवाले सूत दातानं तोडलं तं जिभीले पीठ लागलं.’

‘मग बोलले काहून नाही मले?’ किती वर्षांनी माझ्या तोंडी घरची बोली आली.

‘तुमची वाट पाहे ना. तुम्ही गेले का दर वेळी म्हणे, आजबी नाही बोलले गुरुजी.’

मग त्यांनी कांदे परातीत ओतले आणि ते जाळं माझ्या हातात दिलं. तेच होतं. दशरथजींनी सगळं उसवून, सूत धुऊन, पुन्हा विणलं होतं.

त्या दिवशी फुटाळ्याच्या काठावर जी घरं होती, त्यांतलं कोणी हे वाचत असेल तर एवढंच सांगायचं आहे, की तुम्हाला गाठ बरोबर शिकवली गेली होती. चूक सुतात होती आणि ती माझी होती.

जाळं आता आमच्या स्वयंपाकघरात टांगलं आहे. आमच्या घरच्यांनी त्यात पाच किलो कांदे भरले, तेव्हा माझा जीव धाकधूक करत होता. रोज सकाळी चहा ठेवताना मी खालून हात लावून बघतो. अजून एकही गाठ सरकलेली नाही.